पूर्वजांचे अन्न आणि दख्खनची साक्ष

प्रत्येक पिढीला आपल्या आजोबांचे ताट आपल्या ताटापेक्षा सकस वाटत आलेले आहे. खेड्यातील एखादा म्हातारा ऐंशीव्या वर्षीही ताठ चालताना दिसला की, हा जुने तूप खाल्लेला गडी, असे म्हणण्याची चाल महाराष्ट्रात आहेच. अलीकडे मात्र या ओढीने फार मोठी उडी घेतली आहे. आजोबांच्या ताटाशी न थांबता ती थेट दगडी हत्यारे वापरणाऱ्या आदिमानवाच्या शिकारीपर्यंत जाऊन पोहोचली आहे. शहरांतील कित्येक सुशिक्षित कुटुंबांत भाकरी, पोळी, भात, वरण आणि दूध हे सर्व वर्ज्य ठरवून मांस, मासे, अंडी, फळे, भाज्या आणि बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा यांवर निर्वाह करण्याचा प्रघात पडू लागला आहे. यास पुराश्मयुगीन आहार, किंवा प्रचारातील नावाने पॅलिओ आहार, असे म्हणतात. शेतीचा आरंभ हाच मनुष्याच्या प्रकृतीस लागलेला पहिला घुणा होय, हे या मताचे थोडक्यात सार आहे.

धाराशिव जिल्ह्यासारख्या प्रदेशाला हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या या मुलखाने पिढ्यान्पिढ्या ज्वारीच्या पेवावर आपला संसार चालविला. तेव्हा धान्य हेच रोगाचे मूळ ठरले, तर या मुलखाचा सगळा इतिहास ही एक दीर्घ चूक ठरेल. उलट, हे मत जर अर्धसत्य असेल, तर त्याच्या नादाने आपण घरातील एक उत्तम ठेवा टाकून देऊ. निवाडा करावयाचा तर साक्षीदार जवळच आहेत. दख्खनच्या मातीत माणसांची हाडे, दात, जळलेले दाणे आणि दगडी पाटे आहेत. त्यांना काय सांगावयाचे आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम हे मत निघाले कोठून ते पाहू. उत्तर ध्रुवाकडील एस्किमो लोकांत राहून आलेले प्रवासी विल्यालमुर स्टेफानसन यांनी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली, एका सहकाऱ्यासह, केवळ मांस व चरबी यांवर निर्वाह करण्याचा वर्षभराचा प्रयोग आरंभिला आणि तो तडीस नेला. १९७५ साली वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन वैद्यांनी अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. तथापि या विचाराला विद्वन्मान्यता मिळाली ती १९८५ साली. त्या वर्षी बॉइड ईटन व मेल्विन कॉनर यांनी एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात पुराश्मयुगीन पोषणावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो विचार घरोघर नेला. त्यांचा युक्तिवाद असा की, मनुष्यवंशाने पंचवीस लाखांहून अधिक वर्षे शिकार व कंदमुळे यांवर काढली, शेती तर केवळ दहाबारा हजार वर्षांची आहे. एवढ्या अल्प अवधीत देहाची घडण बदलत नाही. सबब देह जुना आणि अन्न नवे असा विसंवाद निर्माण झाला असून मधुमेह, स्थूलता व हृदयविकार ही त्याची फळे होत.

या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. साखर, मैदा, तळीव पदार्थ आणि कारखान्यात तयार होऊन पुड्यांतून येणारे खाणे यांच्याविरुद्ध त्याने जो आवाज उठविला तो योग्यच आहे. हाडांचाही त्याला काहीसा पाठिंबा आहे. उत्तर प्रदेशात गंगेच्या खोऱ्यात सराई नाहर राय, महदहा आणि दमदमा या ठिकाणी शिकारी लोकांची प्राचीन दफने उघडकीस आली. ते लोक उंच व दणकट बांध्याचे होते आणि त्यांच्या दातांना कीड फारच थोडी लागलेली आढळते. पुढील काळातील शेतकऱ्यांचे दात त्या मानाने अधिक किडके निघतात. पिठूळ अन्न दातांना चिकटते व त्यावर कीड पोसते, हे उघड आहे. परंतु याच शिकाऱ्यांच्या वस्तीत दळण्याचे दगडी पाटे आणि वरवंटेही मिळाले आहेत. मांसावरच पोट भरणाऱ्याला पाट्याचे प्रयोजन काय? ते लोक रानातील गवतांचे बी वेचून भरडीत असले पाहिजेत.

इतर देशांतही हेच दिसून आले आहे. इटलीतील बिलान्चिनो येथे सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वरवंट्यांवर पिठाचे सूक्ष्म कण चिकटलेले सापडले. जॉर्डन देशातील शुबैका येथे चुलीच्या राखेत जळालेल्या भाकरीचे तुकडे मिळाले. ते सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे तेथील शेतीच्याही कित्येक हजार वर्षे आधीचे आहेत. याचा अर्थ असा की, शेतीने भाकरी जन्मास घातली नाही. भाकरीची गोडी आधी लागली आणि शेत मागाहून आले. शिवाय देह अगदीच बदलला नाही, हेही खरे नव्हे. पिठूळ अन्न पचविणारा जो पाचक रस लाळेत असतो, त्याची जनुके पिठूळ अन्न खाणाऱ्या समाजांत अधिक संख्येने आढळतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. मोठेपणीही दूध पचविण्याची शक्ती गुरे पाळणाऱ्या लोकांत शेतीनंतरच वाढली.

आता स्वतःच्या मुलखाकडे वळू. धाराशिव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, कळंब गावाच्या जवळून, मांजरा नदी वाहते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या नदीच्या खोऱ्याची पाहणी केली, तेव्हा तिच्या काठच्या जुन्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे आणि हत्ती, रानबैल यांसारख्या जनावरांची अश्मीभूत हाडे मिळाली. आज जेथे उन्हाळ्यात टँकरने पाणी आणावे लागते, त्याच खोऱ्यात एके काळी हत्तींचे कळप चरत होते आणि माणूस दगडाच्या हत्यारानिशी वावरत होता. त्याच्या ताटात काय होते, हे सांगणारी चूल येथे उरलेली नाही. दगड टिकतो, मांसाचे हाडूक टिकते, परंतु पाला, फळ आणि कंद कुजून जातात. आदिमानव म्हणजे निव्वळ मांसाहारी अशी जी समजूत पसरली आहे, तिचे एक कारण पुराव्याच्या या एकांगीपणात आहे.

शेतीच्या आरंभकाळाची साक्ष मात्र दख्खनमध्ये विलक्षण स्पष्ट आहे. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, परंड्याच्या बाजूस, सीना नदी वाहते. ती पुढे भीमेला मिळते. त्याच भीमेला वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यात, घोड नावाची नदी येऊन मिळते. या घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव नावाचे गाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष आणि अडीचशेहून अधिक दफने तेथे उघडकीस आली. एखाद्या प्राचीन खेड्याचा संसार इतक्या बारकाईने उलगडून पाहिल्याची उदाहरणे हिंदुस्थानात थोडीच आहेत.

हे खेडे इ. स. पू. १६०० च्या सुमारास वसले आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास ओस पडले. त्याच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे इ. स. पू. १४०० ते १००० या चारशे वर्षांत, लोक ऐसपैस चौकोनी घरांत राहत. त्यांनी नदीच्या पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी पाट खणला होता आणि गावात धान्याचे कोठार बांधले होते. जव हे त्यांचे मुख्य पीक होते. त्याच्या जोडीला थोडा गहू, मसूर, वाटाणा, लाख व हुलगा ही धान्ये असत. रानातील बोरे ते वेचीत. गाई-बैल, शेळ्या, मेंढ्या पाळीत, हरणाची शिकार करीत आणि नदीतील मासे धरीत. म्हणजे त्यांचे ताट शेतकऱ्याचेही होते, धनगराचेही होते आणि शिकाऱ्याचेही होते.

इ. स. पू. १००० च्या सुमारास मात्र या गावावर दुर्दिन आले. याचे कारण पाऊस कमी झाला हे की जमीन कसून कसून निकस झाली हे, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. परिणामाविषयी मात्र शंका नाही. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन त्यांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. जवाचे प्रमाण घटले. गाई-बैलांऐवजी शेळ्या-मेंढ्यांवर आणि रानातील शिकारीवर लोकांचा भर वाढला. थोडक्यात, आज जो बदल शहरातील मनुष्य पुस्तक वाचून स्वखुशीने करू पाहतो, काहीसा तसाच बदल या गावाने तीन हजार वर्षांपूर्वी केला. धान्याकडून तो शिकारीकडे आणि रानाकडे वळला.

त्या बदलाने त्यांची प्रकृती सुधारली काय? याचे उत्तर देण्यास मोठी माणसे नाहीत, मुले आहेत. इनामगावात मूल दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत ते मूल निजवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. आपले मूल घराबाहेर एकटे पडू नये, अशी आईबापांची भावना त्यामागे असावी, असा तर्क करता येतो. त्या भावनेमुळेच ही चिमुकली हाडे तीन हजार वर्षे सुरक्षित राहिली. डॉ. सुभाष वाळिंबे व जॉन लुकाक्स यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन विदुषीने नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील मुलांच्या हाडांची तुलना करून २०११ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उतरत्या काळातील मुलांची वाढ वयाच्या मानाने खुंटलेली होती, त्यांच्या देहाचा भार कमी पडत होता आणि मुले जन्मत अधिक व दगावत अधिक, असे चित्र त्या हाडांवरून उभे राहते. मूल अंगाने भरण्यापूर्वीच मडक्यात जाई.

या साक्षीचा अर्थ लावताना घाई करता कामा नये. हरणाचे मांस खाल्ल्याने मुले दगावली, असा तिचा अर्थ नव्हे. शेत पिकेना म्हणून रानात जावे लागले आणि रानातही पुरेसे मिळेना, हा तिचा अर्थ आहे. शिकार आणि कंदमुळे हे त्या लोकांचे पथ्य नव्हते. ती त्यांची आपत्ती होती. पुराश्मयुगीन आहाराच्या पुरस्कर्त्यांच्या लेखणीतून नेमकी हीच बाजू निसटते. आदिमानवाच्या ताटातील पदार्थांची यादी त्यांनी बारकाईने केली, परंतु ते ताट वर्षातून किती दिवस रिकामे राही, ही मोजदाद केली नाही. गंगेकाठच्या त्या दणकट शिकाऱ्यांच्या दफनांतही वृद्धांचे सांगाडे विरळाच मिळतात. दात निरोगी होते हे खरे, पण ते वार्धक्यापर्यंत वापरण्याचे भाग्य फार थोड्यांस लाभले.

इनामगाव ओस पडल्यानंतर काही शतकांनी धाराशिवच्या भूमीवर इतिहासाचा दुसरा पडदा उघडतो. धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक आहे. हेच प्राचीन तगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या वृत्तान्तात तगराचे नाव येते. पैठणापासून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथून नाना प्रकारचे कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जाते, असे त्यात नमूद आहे. १९५८ साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर वेचलेल्या वस्तूंचे संग्रहालयही तेथे आहे. तेथील हस्तिदंती बाहुली तर इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीच्या जातीची म्हणून प्रसिद्ध आहे.

आहाराच्या इतिहासात तगराचे महत्त्व असे की, येथे अन्न रानातून वा एकट्या शेतातून येत नव्हते, ते वाटेवरून येत होते. त्याच ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि उसाचा मध, म्हणजे साखरेचा पूर्वज, हे जिन्नस जात असल्याची नोंद आहे. भडोचला इटलीहून मद्य येई, असेही त्यात लिहिले आहे. ज्या आफ्रिकेकडे आपले तूप जात होते, त्याच आफ्रिकेने त्यापूर्वीच आपल्याला एक मोठे देणे दिले होते. ते म्हणजे ज्वारी. ज्वारीची पहिली लागवड सुदानच्या बाजूस झाली आणि तेथून ती समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली. बाजरीही पश्चिम आफ्रिकेची. तूर पूर्वेकडून, ओडिशा व बस्तरच्या रानांकडून आली. हुलगा आणि मूग मात्र द्वीपकल्पाच्या मातीतले, दक्षिणेतील पहिल्या शेतकऱ्यांनी माणसाळविलेले. मिरची, भुईमूग आणि मका ही तर पोर्तुगीज आल्यानंतरची, अमेरिका खंडातून आलेली पिके.

ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी हे मराठवाड्याचे अस्सल जुने जेवण समजले जाते. इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्यातील भाकरी आफ्रिकेची आणि ठेचा-चटणी अमेरिकेची आहे. संत गोरोबा चाक फिरवीत होते तेव्हा तेरमध्ये हिरव्या मिरचीचा ठेचा कोणी चाखलेला नव्हता. म्हणून ते जेवण आपले नव्हे काय? निःसंशय आपलेच आहे. जे पीक या काळ्या मातीत रुजले, या थोड्या पावसावर तगले आणि या जात्यावर दळले गेले, ते आपले झाले. परंतु पूर्वजांचे एकमेव, शुद्ध व सनातन असे ताट कधी नव्हतेच, ही गोष्ट यावरून ध्यानात येते. प्रत्येक युगाने नवे अन्न घेतले, पारखले आणि जुन्याच्या शेजारी मांडले.

मग ज्वारीची भाकरी हेच आरोग्याचे सर्वस्व काय? येथेही इतिहास सावध करतो. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच हैदराबादेत आज हिंदुस्थानातील पोषणविद्येची मुख्य संशोधनसंस्था आहे. तिचा आरंभ १९१८ साली दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी केला. त्यांनी उंदरांना निरनिराळ्या प्रांतांतील माणसांचे जेवण घालून पाहिले. कोंड्यासह दळलेला गहू, डाळ, दूध, भाजी व अधूनमधून मांस अशा शीख पद्धतीच्या जेवणावरील उंदीर धष्टपुष्ट झाले आणि मुख्यतः सडलेल्या तांदळावर ठेवलेले उंदीर रोडावले. ही संस्था पुढे हैदराबादला आल्यावर डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली एक चमत्कारिक गोष्ट जगापुढे मांडली. दख्खनमधील जे गरीब मजूर जवळजवळ ज्वारीवरच दिवस काढीत, त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग त्यांना आढळला. यात उन्ह लागणाऱ्या जागची, मानेवरील व हातांवरील, कातडी काळवंडून सोलवटते, हगवण लागते आणि पुढे बुद्धीही भ्रमिष्ट होते. ज्वारीतील एका घटकाच्या आधिक्यामुळे देहाला आवश्यक असे एक जीवनसत्त्व कमी पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दोष ज्वारीचा नव्हता. एकट्या ज्वारीवर जगावे लागण्याचा तो दोष होता. ज्याच्या भाकरीबरोबर वाटीभर डाळ, ताक आणि पालेभाजी होती त्याला हा रोग शिवत नव्हता. इनामगावची मुले व ज्वारीवर जगणारा मजूर यांच्यामध्ये तीन हजार वर्षांचे अंतर आहे. एकाच्या ताटातून धान्य गेले, दुसऱ्याच्या ताटात धान्यावाचून काही उरले नाही. दोघांचेही दुखणे मुळात एकच. ताट अपुरे पडले किंवा एकसुरी झाले की देह खचतो, मग त्या ताटात हरणाचे मांस असो वा भाकरी असो.

धाराशिवचा जुना शेतकरी हे तत्त्व पुस्तक न वाचता जाणत होता. ज्वारीच्या रानात तो करडईच्या ओळी घाली. खरिपात बाजरीबरोबर तूर, मूग, मटकी, हुलगा, अंबाडी आणि कारळ पेरी. एका पिकाने दगा दिला तर दुसरे हाताशी राही. ज्वारीचे दाणे माणसाला आणि कडबा जनावराला. त्या कडब्यावर गायीम्हशींचे दूध निघे. बांधाबोरीवर चरणाऱ्या काळ्या उस्मानाबादी शेळीची जात तर देशभर नावाजलेली आहे. कमी चाऱ्यावर तगणारी आणि बहुधा जुळी करडे देणारी ही शेळी म्हणजे कोरडवाहू संसाराची हक्काची ठेव. तिचे दूध पोरांना, तिचे मांस सणावाराला आणि तिची किंमत अडीअडचणीला. पावसाळ्यात तरोटा, पाथरी, घोळ, तांदुळजा या भाज्या बिनपेरलेल्या मिळत. थंडीत हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे, उन्हाळ्यात ज्वारीची आंबील. अशा घरात अन्नधान्य आणि मांस-दूध यांच्यात वैर नव्हते. एकाच कणसाच्या आधारे दोन्ही उभी होती.

या व्यवस्थेवर घाव पडले ते दुष्काळांनी आणि मग बदललेल्या शेतीने. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. तेथे मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांवर त्यांनी दिवस काढले. त्या पिढीच्या तोंडी मिलोच्या भाकरीची चव अजूनही आहे. पुढे कालवे, विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर ऊस आला, साखर कारखाने आले, आणि खरिपात सोयाबीनने बहुतेक रान व्यापले. ही पिके पैसा देतात आणि शेतकऱ्याला पैसा हवाच. परंतु सोयाबीन घरच्या ताटात येत नाही, ते गाडीत भरून बाजारात जाते. करडई, कारळ, हुलगा, मटकी मागे हटली. रेशनवरील गहू-तांदूळ आणि स्वस्त साखर यांनी त्यांची जागा घेतली. पूर्वी दहा धान्यांनी भरणारे ताट आता दोन धान्यांवर आले आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार हिंदुस्थानात मधुमेहाने पीडित माणसांची संख्या १० कोटींवर गेली आहे. यावर उपाय शोधणारा शहरी मनुष्य पुराश्मयुगाकडे धावतो, हे समजण्याजोगे आहे. साखर, मैदा व तळण सोडल्याने त्याला बरे वाटते, हेही खरे. पण बरे वाटले ते भाकरी आणि डाळ सोडल्यामुळे, असा निष्कर्ष तो काढतो, येथे त्याची गल्लत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्याचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा आणि बाकीचे पोषण डाळी, भाज्या, फळे, दूध, तेलबिया, अंडी-मांस अशा निरनिराळ्या गटांतून घ्यावे, असे सांगितले आहे. धान्य सोडा असे ती संस्था म्हणत नाही. धान्याला ताटाचा धनी होऊ देऊ नका, एवढेच ती म्हणते. आदिमानवाच्या आहारातील जे खरोखर शिकण्याजोगे आहे, तेही हेच. त्याच्या ताटात अमुक पदार्थ नव्हता हे महत्त्वाचे नाही. वर्षाकाठी डझनावारी पाले, फळे, बिया, कंद आणि जीव त्याच्या पोटात जात, हे महत्त्वाचे आहे.

ही विविधता पाहावयास गुहेत जाण्याचे कारण नाही. मार्गशीर्षातील अमावास्येस धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतील घरे ओस पडतात आणि शेते गजबजतात. येळवस, म्हणजेच वेळ अमावास्या, हा त्या भागाचा खास सण होय. कर्नाटकातही तो एळ्ळ अमावास्या म्हणून पाळला जातो. शेतात कडब्याची कोप उभारून तिच्यात पांडव मांडतात. मातीच्या बिंदग्यात आंबील असते, बाजरीचे उंडे असतात, गव्हाची खीर असते. आणि मध्यभागी असते ती भज्जी. ओला हरभरा, तुरीचे व वालाचे कोवळे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, चुका, मेथी, कांद्याची पात, असे त्या हंगामात शिवारात जे जे उभे असते, ते ते त्या एका पातेल्यात शिजते. गावातील कोणीही, कोणाच्याही शेतात, त्या दिवशी जेवावयास बसतो.

तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी ज्या आईने आपल्या मुलाला मडक्यात घालून घराच्या जमिनीत पुरले, तिला असे एक पातेले वर्षभर मिळते तर त्या मुलाचे हाड कदाचित भरते. येळवशीची भज्जी आज वर्षातून एकदा शिजते. ज्यांच्या घरी डाळ, दूध, भाजी आणि भाकरी यांची वाण नाही, त्यांनी ती आठवड्यातून एकदा शिजवावी, आणि शेतकऱ्याने सोयाबीनच्या रानात हुलग्याची व करडईची एखादी ओळ पुन्हा धरावी. पूर्वजांच्या अन्नाचा खरा वारसा तो हाच, आणि तो अद्याप हाताबाहेर गेलेला नाही.